सोळा पोरं असली की गावाला शाळा! खान्देशात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांची गोष्ट

नरडाणा (ता. शिंदखेडा), वार्ताहर :

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागवली आणि समूह शाळांचा विषय निघाला. तेव्हापासून लहान गावांत, पाड्यांवर, वस्त्यांवर हा प्रश्न अधूनमधून निघतोच, की आपली मराठी शाळा राहते का जाते. वीस पोरं नसली तर शाळा चालवणं परवडत नाही, असा वरचा हिशोब. गावाचा हिशोब वेगळा. गावाला वाटतं, शाळा गेली म्हणजे गावातून सरकारच गेलं.

याच प्रश्नाला साधारण १३० वर्षांपूर्वी एका राजाने उत्तर दिलेलं आहे. त्याचा आकडा होता सोळा. गावात सोळा पोरं शाळेत बसायला तयार असतील तर त्या गावाला शाळा द्यायची, असा त्याचा हुकूम होता. हा राजा बडोद्याचा. पण जन्म कुठला, तर आपल्या खान्देशातला, शेतकऱ्याच्या घरातला. सयाजीराव गायकवाड महाराजांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. पण गावच्या शाळेसाठी पैसा कुठून आणायचा, कोणी द्यायचा आणि पैसा देऊनही पोरगं शिकलं नाही तर काय करायचं, या भानगडीत त्यांनी आयुष्याची पन्नासेक वर्षं घातली. ती गोष्ट फार कोणी सांगत नाही.

कवळाण्याचा गोपाळ

मालेगाव तालुक्यात कवळाणा गाव आहे. नरडाण्याहून मुंबई-आग्रा रोडने धुळं ओलांडून मालेगावला गेलं की तिथून जवळ. १८६३ च्या मार्च महिन्यात काशीराव गायकवाड आणि उमाबाई यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं गोपाळ. आज कवळाणा नाशिक जिल्ह्यात आहे, पण नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव हा सगळा भाग खान्देश जिल्ह्यातच होता. म्हणून गोपाळ जन्माने पक्का खान्देशी, यात वाद नको. इंग्रजांच्या कागदांतही या घराण्याला गायकवाडांची खान्देशातली शाखा असंच म्हटलेलं आहे.

काशीराव बडोद्याच्या गायकवाडांचे लांबचे भाऊबंद. नावाला राजघराणं, हाताला औत. घरची शेती आणि त्यावर चाललेला संसार. पोरांना शाळा नव्हती. गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ढोरामागे जाणं, शेतात हिंडणं, एवढंच काय ते शिक्षण.

तिकडे बडोद्यात मोठा गोंधळ झाला. गादीवर होते मल्हारराव महाराज. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा त्यांच्यावर आरोप आला. चौकशी बसली आणि १८७५ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांची विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मग शोध सुरू झाला भाऊबंदांचा. काशीराव आपल्या पोरांना घेऊन बडोद्याला गेले. गोष्ट अशी सांगतात, की पोरांना विचारलं, तुम्ही इथं कशाला आलात? बाकीचे गांगरले. गोपाळने न लाजता सांगितलं, की मी राज्य करायला आलोय. खरं-खोटं कुणी पाहिलं? पण खान्देशातल्या पोराला शोभेल अशी गोष्ट आहे. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

बाराव्या वर्षी पहिली

आता राजा झाला, पण सही करता येत नाही. म्हणून एलियट नावाचा इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमला. दिवाण होते सर टी. माधवराव, फार हुशार माणूस, त्रावणकोर आणि इंदूरचा कारभार करून आलेले. बारा वर्षांच्या पोराला एकदम मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा सुरू झाल्या. वर गणित, इतिहास, घोड्यावर बसणं, कुस्ती. ज्या वयात आपल्याकडची पोरं सहावी-सातवीत असतात त्या वयात त्याने अक्षर गिरवायला घेतलं.

माझ्या मते महाराजांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे. जन्मापासून राजवाड्यात वाढलेल्या माणसाला शाळा नसणं म्हणजे काय हे समजत नाही. या माणसाला ते समजत होतं. मास्तर नेमला, वही-पाटी दिली, वेळ दिला तर अडाणी पोरगं सहा वर्षांत काय होऊ शकतं, याचा नमुना ते स्वतःच होते. डिसेंबर १८८१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हातात आला.

इकडे आपल्या पट्टीचं काय चाललं होतं

बडोद्यात पुढे काय झालं ते बघण्याआधी त्याच वेळी आपल्या खान्देशात काय होतं ते बघू, म्हणजे फरक कळेल.

आपण इंग्रजी मुलखात होतो. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर लोकल फंड नावाची पट्टी बसली. साऱ्याच्या एका रुपयामागे एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे सव्वासहा टक्के. या पट्टीतले दोन वाटे रस्ते वगैरे कामाला आणि एक वाटा शाळांना. म्हणजे गावची शाळा कोणाच्या पैशावर चालायची, तर शेतकऱ्याच्या. म्हातारी माणसं अजून जिल्हा परिषदेच्या शाळेला लोकल बोर्डाची शाळा म्हणतात, ते नाव तिथून आलं. तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं १८८४ च्या कायद्याने झाली आणि शाळांचा कारभार पुढे हळूहळू त्यांच्याकडे गेला.

पट्टी भरायचा कुणबी आणि शिकायचं कोणी? १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा मांडला. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा उपाशी राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत करा, मास्तर चांगले तयार केलेले द्या, त्यांना पोटापुरता पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शेती कशी करावी हेही शाळेत शिकवा, असंही ते म्हणाले. कमिशनने ऐकून घेतलं. सक्ती काही झाली नाही.

त्याच सालात बडोद्यात एक तरुण राजा नुकताच गादीवर कामाला लागला होता. त्याने जोतीरावांची मागणी इंग्रजांच्या आधी अंमलात आणून दाखवली.

गावचा पाटील, गावचा मास्तर

१८९० च्या आसपास महाराजांनी ग्रामशाळांची पद्धत सुरू केली. कल्पना साधी होती. गावात पाटील असतो, तलाठी असतो, रखवालदार असतो. हे गावचे नोकर, त्यांचा खर्च गावच्या महसुलात धरलेला असतो. मग मास्तरही त्याच यादीत धरा. शाळा ही वरून मिळालेली मेहेरबानी नको, गावगाड्याचा भाग पाहिजे. आणि अट एवढीच, की गावातून सोळा पोरं मिळाली पाहिजेत.

यातली गोम बघा. एकदा मास्तर गावच्या नोकरांत बसला की दरवर्षी शाळा ठेवायची का बंद करायची, हा प्रश्न उठत नाही. पाटील कधी पट बघून काढतात का? खर्चाची जागा कायमची ठरली. शाळेचा पैसा कोणत्या सदरात बसतो, यावर शाळेचं आयुष्य ठरतं. आजही तेच आहे. मास्तरचा पगार एका डोक्यातून येतो, शाळेच्या डागडुजीचा पैसा दुसऱ्या, खिचडीचा तिसऱ्या. समग्र शिक्षा योजनेच्या नियमात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान दहा हजार रुपये. त्यात खडू, फळा, लाइटबिल, झाडू, रंग, सगळं. कापसाला एक वेळची फवारणी मारायची म्हटलं तर चार-पाच एकरात एवढा पैसा जातो.

पण ग्रामशाळांचं सगळं गोडच झालं असं नाही. मास्तरचा पगार थोडा ठेवला होता. थोड्या पगारात मिळेल तो माणूस धरला. त्याला स्वतःलाच धड शिक्षण नव्हतं, मग पोरांना काय देणार. शाळा वाढल्या, हजेरीपट भरला, पण शिक्षण कच्चं राहिलं. ही तक्रार बडोद्याच्या कारभारात पुढे बरीच वर्षं चालली. महाराजांनी मास्तर तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, बायांसाठी वेगळं काढलं. तरी शिकलेला मास्तर पुरेसा मिळेना. शाळेची इमारत सहा महिन्यांत उभी राहते, मास्तर उभा राहायला पिढी लागते.

अमरेलीचा वाफा

नवं बियाणं आलं की आपण सगळ्या वावरात टाकत नाही. दोन चासात लावून बघतो. महाराजांनी तेच केलं. १८९३ साली त्यांनी काठेवाडातल्या अमरेली तालुक्यातली थोडी गावं निवडली आणि तिथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. नुसतं मोफत नाही, सक्तीचं. पोरगं शाळेत घातलं नाही तर बापाला दंड. मुलग्यांना सात ते बारा वर्षं आणि मुलींना सात ते दहा वर्षं. मुलींना सुद्धा सक्ती, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

तेरा वर्षं तो वाफा बघितला. आणि १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात कायदा लागू केला. हिंदुस्थानात एवढ्या मोठ्या मुलखात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण करणारा हा पहिला राजा.

आता वर्ष लक्षात घ्या. १८९९-१९०० ला मोठा दुष्काळ पडला होता, गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. त्यात बडोद्याची माणसं किडामुंगीसारखी मेली. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानात २४ लाख लोक होते, १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख राहिले. शेतसारा बुडाला, लोकांना तगाई द्यावी लागली. अशा वेळी कोणताही कारभारी पहिली कात्री शाळेला लावतो. हा माणूस सहा वर्षांत उलट गेला आणि सगळ्या राज्यातल्या प्राथमिक शाळांची फी माफ केली. पैसा नाही म्हणून शाळा नाही, हे कारण त्याने दुष्काळानंतरही चालू दिलं नाही.

कायद्यात सवलती होत्या. घरापासून मैलभराच्या आत शाळा नसेल तर सक्ती नाही. पोरगं आजारी, अपंग असेल तर नाही. घरात कमावणारं दुसरं कोणी नसेल तर नाही. मैलभर म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास. आपल्या आजच्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, असा नियम आहे. सव्वाशे वर्षांत अंतर फार काही बदललेलं नाही. पोराच्या पायाची ताकद तेवढीच असते ना. समूह शाळेला गाडी देऊ असं सांगतात, पण पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की गाडी कुठली आणि रस्ता कुठला, हे पांझरा-बुराईकाठच्या माणसाला सांगायला नको.

दंड मात्र लोकांना जड गेला आणि काहींना हलकाही गेला. जड गरिबाला. आणि ज्याचं पोरगं कामाला जाऊन दंडापेक्षा जास्त आणत होतं, तो दंड भरून मोकळा व्हायचा. कपाशी वेचणीच्या दिवसात आपल्याकडच्या शाळेचे वर्ग बघा, कायदा तोच आणि अडचण तीच. पुढे नियम कडक केले, वय वाढवलं, तरी ही गाठ पूर्ण सुटली नाही.

तापी लाईनीवरचं सोनगढ

आपल्या नरडाणा स्टेशनावरून सुरत लाईन जाते. पश्चिमेला निघालं की दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि मग गुजरात लागलं की सोनगढ, व्यारा. हे सोनगढ म्हणजे गायकवाडांची मूळ जागा. पिलाजीराव गायकवाडांनी किल्ला धरला आणि तिथून सगळं राज्य वाढलं. सोनगढ, व्यारा हे तालुके १९४९ पर्यंत बडोदा संस्थानात होते. म्हणजे नवापूर इंग्रजांचं आणि त्याच्या पलीकडचं सोनगढ महाराजांचं. लोक दोन्हीकडे तेच, गावित, कोकणी, वसावे. जंगल तेच. शाळेचा कायदा मात्र वेगळा.

रानातल्या आदिवासी पोरांसाठी महाराजांनी सोनगढला वसतिगृहाची शाळा काढली. ती १८८० च्या दशकातच. जेवण, राहणं, कपडे, शिकणं सगळं सरकारी खर्चाने, आणि सोबत शेतीचं काम शिकवायचे. आज आपण ज्याला आश्रमशाळा म्हणतो त्याची ही फार जुनी आवृत्ती समजा.

अस्पृश्य म्हणून ज्यांना लांब ठेवलं होतं त्या समाजाच्या पोरांसाठी वेगळ्या शाळा काढल्या, त्याही गादीवर बसल्यावर थोड्याच दिवसांत. तिथं वेगळी अडचण आली. सवर्ण हिंदू मास्तर या शाळांवर जायला तयार होईना. पैसा मंजूर, शाळा मंजूर, मास्तर नाही. मग मुसलमान मास्तर नेमले, पुढे पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी आले आणि त्यांनी हे काम हातात घेतलं.

याच वाटेने भीमराव आंबेडकर नावाच्या हुशार विद्यार्थ्याचं नाव महाराजांपर्यंत गेलं. केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोद्याची दहा वर्षं नोकरी करायची, असा करार. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तर त्यांना शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकायचे. शेवटी बाबासाहेब बडोदा सोडून गेले. हे महाराजांच्या राज्यात, त्यांच्या राजधानीत घडलं. परदेशी शिकायला पाठवायला राजाची तिजोरी पुरली. पण गल्लीतलं दार उघडायला ती पुरली नाही. ही बाजू सांगितल्याशिवाय महाराजांची गोष्ट पुरी होत नाही.

एक वाटा गावाचा

शाळेत चार वर्षं गेलेलं पोरगं पुढे आठ-दहा वर्षांत सगळं विसरतं, हे महाराजांच्या ध्यानात आलं. वाचायलाच काही नाही, तर वाचता येऊन काय उपयोग? अमेरिकेत फिरताना त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघितली होती. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि गावोगाव वाचनालयं काढायचं ठरवलं. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांची लाकडी पेटी फिरायची. एका गावात वाचून झाली की पुढच्या गावाला.

यातला पैशाचा नियम मला सगळ्यात पटतो. गावाने वर्गणीतून एक वाटा जमवायचा. तेवढाच वाटा प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने शंभर जमवले की हातात तीनशे. फुकट दिलं असतं तर कोणी सांभाळलं नसतं. सगळं गावावर टाकलं असतं तर गरीब गावाला कधीच मिळालं नसतं. तीन वाटे केले म्हणून तिघांचा जीव त्यात राहिला.

आज आपल्या शाळांना लोकवर्गणीतून टीव्ही येतो, पंखे येतात, भिंती रंगवल्या जातात. चांगलीच गोष्ट. पण गावाने एक रुपया टाकला तर वरून दोन येतील, असा लेखी नियम कुठे आहे? ज्या गावचे लोक सुरतला, पुण्याला कमावतात त्या गावची शाळा चकाचक होते आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गावची शाळा गळत राहते. तसं पाहिलं तर पट्टी आपण आजही भरतो. तलाठ्याची पावती नीट वाचा. जमीन महसुलाच्या खाली जिल्हा परिषदेचा उपकर, ग्रामपंचायतीचा उपकर असे रकाने असतात. बागायती नगदी पिकावर शिक्षण कराचा कायदा १९६२ पासून आहे. रक्कम थोडी असते म्हणून कोणी वाचत नाही.

बाकीची कामं थोडक्यात. १८९० ला कलाभवन काढलं, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली. बालविवाह, पडदा यांच्याविरुद्ध ते बोलले, कायदे केले. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे नीट वाकले नाहीत म्हणून इंग्रज खवळले होते. दुसऱ्या महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि तिथं विषय मुलींच्या शिक्षणाचाच होता. १९३२ ला कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद महाराजांकडे आलं. बाराव्या वर्षापर्यंत अक्षर न येणाऱ्या माणसाकडे!

टीकाही झाली. महाराज वर्षातले बरेच महिने युरोपात राहायचे. प्रकृतीचं कारण असायचं, पण खर्च रयतेच्या साऱ्यातून. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० ला बांधून झाला, बघितला तर डोळे फिरतात. तोही त्याच शेतकऱ्याच्या पैशातून. शाळेला दिला म्हणून राजवाड्याला दिलेला पैसा माफ होत नाही. फक्त एवढं, की राजवाडे तर त्या काळात सगळ्याच राजांनी बांधले. शाळा बांधणारे मोजकेच.

घरात सुख कमी. पहिली बायको १८८५ ला गेली. मोठा मुलगा फत्तेसिंहराव १९०८ ला वारला, मग १९१९ ला शिवाजीराव, १९२३ ला जयसिंहराव. तीन तरुण मुलं डोळ्यांदेखत गेली. गादी शेवटी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली.

बडोद्याचा दाखला आणि आपला नंबर

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. बडोद्याला जमतं तर इंग्रज सरकारला का नाही, हा त्यांचा मोठा दाखला होता. विरोध करणारे म्हणाले पैसा नाही, लोकांची तयारी नाही. मोठे जमीनदार धास्तावले, की मजूर कुठून मिळणार. मार्च १९१२ मध्ये मत घेतलं. बाजूने १३, विरोधात ३८. बिल पडलं.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण केलं. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ ला कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. खेड्यांचा नंबर १९२३ च्या कायद्याने लागला, तोही असा, की लोकल बोर्डाने ठरवलं आणि पैसा उभा केला तर सक्ती. ज्या बोर्डाकडे पैसा नाही त्याने काय करायचं, ते कायद्यात नव्हतं. तेव्हा आपण पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतो, १९०६ ला खान्देशाचे दोन तुकडे झाले तेव्हापासून. योगायोग बघा, ज्या सालात सोनगढच्या पोरांना कायद्याने शाळा मिळाली त्याच सालात आपल्याला फक्त नवीन जिल्हा मिळाला.

सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत वारले. वय ७५. राज्य केलं त्रेसष्ट वर्षं. दुसऱ्या वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात गरिबांच्या पोरांसाठी मोफत निवासी हायस्कूल काढलं, पोरांनी काम करायचं आणि शिकायचं, त्या हायस्कुलाला महाराजांचं नाव दिलं. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात आलं. सोनगढ, व्यारा सुरत जिल्ह्यात गेले, आता तापी जिल्ह्यात आहेत.

आपल्याकडे सक्तीच्या शिक्षणाचा नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला १९४७ साली. नरडाण्याहून त्याच रेल्वेलाईनीवर असलेल्या सोनगढच्या मागून ४१ वर्षांनी.